मुलाखतीची तारीख अर्जावर का नको?

महोदय,

नोकरी, शिक्षण किंवा कायमच्या वास्तव्यासाठी परदेशी जाणाऱ्यांना पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'पीसीसी', अनेकदा लागते. ते व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखेपर्यंत हाती येण्यातील एका अडचणीकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे संबंधितांचे लक्ष वेधू इच्छिते. माझी तक्रार कोणा एका पोलीस ठाण्याविरुद्ध किंवा अधिकाऱ्याविरुद्ध नाही. कोणीही नियम मोडलेला नसताना अर्जदार कसा अडकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

माझ्या नणंदबाई न्यू जर्सीत राहतात. त्यांनी माझ्या यजमानांसाठी, म्हणजे आपल्या सख्ख्या भावासाठी, जानेवारी २००६ मध्ये तेथील सरकारकडे कायमच्या वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज केला. अमेरिकी नागरिकांच्या भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५ हजार व्हिसा असतात आणि त्यात भारतीयांची रांग इतकी लांब आहे की, अर्ज केला तेव्हा आमच्या मुलीचा जन्मही झालेला नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यात कागदपत्रे मागवण्यात आली, ती आम्ही ऑनलाइन जमा केली आणि पुन्हा सारे शांत झाले. मग गेल्या वर्षी ऐन श्रावणात मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातील मुलाखतीचे पत्र आले. पत्र आल्यापासून मुलाखत पस्तिसाव्या दिवशी होती.

पत्रासोबतची कागदपत्रांची यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पोलीस प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असल्याने आम्हा नवराबायकोची २०२३ मधील प्रमाणपत्रे बाद झाली होती. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची होती. वयाची सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक अर्जदाराला हे प्रमाणपत्र लागते. आधी कागद जमा केले तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची होती, त्यामुळे तिचे प्रमाणपत्र मागितलेच गेले नव्हते. आता ती सतराची झाली होती. हे आमच्या आधीच लक्षात यायला हवे होते, ही आमची चूक मी मोकळेपणाने मान्य करते. दोन वर्षे शांत बसलेल्या माणसाने घरातल्या मुलांची वये तरी मोजून ठेवावीत.

येथे वाचकांच्या माहितीसाठी थोडे विषयांतर करते, कारण आमच्या तालुक्याच्या गावात याबाबत बराच गोंधळ आहे. महाराष्ट्र पोलिसांकडून ऑनलाइन अर्जावर मिळणारे 'चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र' वेगळे आणि व्हिसासाठी लागणारी पीसीसी वेगळी. पहिले मुख्यतः येथील नोकऱ्यांसाठी असते. दुसरे भारतीय नागरिकांना पासपोर्ट कार्यालय देते, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे, आणि सप्टेंबर २०२२ च्या अखेरीपासून त्याचा अर्ज टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही करता येतो. माझ्या एका सहकारी शिक्षकांच्या मुलाला कॅनडासाठी पीसीसी हवी होती. नेटकॅफेवाल्याने त्याला पहिल्या प्रकारच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून दिला, प्रमाणपत्र वेळेवर आलेही, पण कामाचे नव्हते आणि त्यात तीन आठवडे वाया गेले. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी निवड झाल्याचे निमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज करण्यास साठ दिवस मिळतात, हे लक्षात घेतले की तीन आठवड्यांची किंमत कळते.

पासपोर्ट तत्काळ योजनेत मिळतो, पण पीसीसीला तत्काळ नाही. त्यामागचे कारण मला पटते. तत्काळ पासपोर्ट आधी देऊन पोलीस पडताळणी मागाहून करता येते. पीसीसी म्हणजे तर पडताळणीचाच दाखला, तो पडताळणीआधी कसा देणार? म्हणूनच मधल्या टप्प्यात किती दिवस जातात, याला इतके महत्त्व येते.

आमच्या दोघांचे काम झटपट झाले. पत्ता तोच, पूर्वीची पडताळणी निर्वेध, त्यामुळे दोघांचीही प्रमाणपत्रे त्याच दिवशी हाती पडली. तेथील कर्मचाऱ्यांनी आम्हाला दिलेली सौजन्याची वागणूक मी विसरलेले नाही. मुलीचे मात्र तसे नव्हते. आईवडिलांकडे वैध पासपोर्ट असेल, तर अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट सहसा पोलीस पडताळणीशिवायच मिळतो. चौदाव्या वर्षी तिचा पासपोर्ट किती सहज आला, याचे आम्हाला तेव्हा कौतुक वाटले होते. त्या सहजतेचा अर्थ आता कळला : पोलिसांच्या दप्तरी तिची एकही नोंद नव्हती आणि सारे पहिल्यापासून करायचे होते.

त्यात ती अकरावीपासून दुसऱ्या शहरातील वसतिगृहात राहते. अर्ज भरून देणाऱ्याने आम्हाला सल्ला दिला की, वसतिगृहाचा पत्ता लिहूच नका, घरचा एकच पत्ता दाखवा, आठ दिवसांत काम होईल. आम्ही तो मानला नाही. पासपोर्टच्या कामात खोटी माहिती देणे किंवा खरी दडवणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसे नसते तरी ज्या कागदाने मुलीच्या सचोटीची ग्वाही द्यायची, त्याचीच सुरुवात लपवाछपवीने करणे मनाला पटले नसते. परिणामी तिची पडताळणी दोन ठिकाणी निघाली. खरे लिहिणाऱ्याचे दिवस जातात आणि सोयीचे लिहिणारा वेळेत सुटतो, ही गोष्ट पडताळणीच्या हेतूलाच छेद देणारी आहे.

घरच्या पत्त्यावरची पडताळणी चार दिवसांत झाली. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेतील हवालदार संध्याकाळी घरी आले, ओसरीवर बसले, आधार कार्ड व शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्स त्यांनी नीट लावून घेतल्या आणि म्हणाले, "बाई, बारावीतल्या पोरीचं चारित्र्य काय तपासायचं? तिचं दप्तर तपासा म्हणावं." शेजारच्या दोघांचे जबाब त्यांनी तिथेच लिहून घेतले. त्यांपैकी निवृत्त पोस्टमन असलेल्या काकांनी जबाब दोनदा वाचून मगच सही केली. पैशाची भाषा कोणीही केली नाही, हेही येथे आवर्जून नोंदवते.

वसतिगृहाच्या पत्त्यावरची फाईल मात्र अडकली. दरम्यान गणपती बसले. गणेशोत्सवात पोलिसांवर बंदोबस्ताचा किती ताण असतो, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. दहा दिवस घरी न जेवलेले पोलीस मी माझ्या माहेरच्या घरात पाहिले आहेत. त्यामुळे "पासपोर्टचं काम बघणारे बंदोबस्तावर आहेत, विसर्जन होऊ द्या" हे उत्तर ऐकून मला राग आला नाही. पण त्या एका कर्मचाऱ्याच्या जागी दुसरे कोणी बसण्याची व्यवस्था नसावी, याचे नवल वाटले. मुलगी चाचणी परीक्षेच्या वह्या घेऊन तीनदा ठाण्यात गेली. पहिल्यांदा भेट झाली नाही. दुसऱ्यांदा वसतिगृहाच्या लेटरहेडवर रेक्टरांचे शिक्क्यानिशी पत्र आणायला सांगितले. तिसऱ्यांदा ते पत्र दिले, तेव्हा रेक्टरांच्या ओळखपत्राची प्रतही हवी असल्याचे कळले. काय काय लागते याची यादी भिंतीवर लावलेली असती, तर तीन खेपांची एक झाली असती. या साऱ्या काळात संकेतस्थळावर सतरा दिवस एकच वाक्य दिसत होते : अर्ज पडताळणीसाठी पोलिसांकडे पाठवला आहे. कोणत्या पोलिसांकडे, घरच्या की वसतिगृहाच्या, अहवाल ठाण्यात आहे की वरिष्ठांच्या विशेष शाखेत, एक अहवाल येऊन दुसरा बाकी आहे का, यांतले काहीही त्या वाक्यातून कळत नव्हते.

संपादक महोदय, माझा मुख्य मुद्दा पुढील हिशेबात आहे. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीसाठी २१ दिवसांची मुदत धरली जाते; या मुदतीत अहवाल दिल्यास राज्याच्या पोलिसांना परराष्ट्र मंत्रालयाकडून अर्जामागे १५० रुपये आणि उशीर झाल्यास ५० रुपयेच, अशी योजना पूर्वीपासून आहे. आमच्या पस्तीस दिवसांपैकी यादी समजून घेण्यात, कागद जमवण्यात आणि पासपोर्ट केंद्राची वेळ मिळण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी फाईल पोलिसांकडे गेली. त्यांनी मुदत काटेकोरपणे पाळून एकविसाव्या दिवशी अहवाल दिला असता, तरी आमच्या हाती चारच दिवस उरले असते, आणि त्यांतच प्रमाणपत्राची छपाई व मुंबईचा प्रवास बसवायचा होता. म्हणजे बंदोबस्त नसता आणि सारे वेळेवर झाले असते, तरी आम्ही काठावरच होतो. हा दोष माणसांचा नाही. मुलाखतीची तारीख परदेशी दूतावास ठरवतो, प्रमाणपत्र केंद्राचे पासपोर्ट कार्यालय देते, पडताळणी राज्याचे पोलीस करतात, आणि या तिघांपैकी ती तारीख दूतावासाखेरीज कोणालाही माहीत नसते. आम्ही भरलेल्या अर्जात देशाचे नाव होते, जाण्याचे कारण होते. मुलाखत कधी आहे, हे लिहायला जागाच नव्हती.

ती जागा अर्जात असावी, ही माझी पहिली आणि मुख्य विनंती आहे. अर्जदाराने मुलाखतीचे पत्र जोडावे, केंद्रावर ते मूळ प्रतीशी ताडून पाहावे आणि तारीख फाईलसोबत पोलिसांच्या पडद्यावरही दिसावी. कोणाला रांग मोडून पुढे घ्यावे, असे मी म्हणत नाही. ज्याची मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे आणि ज्याला सहा महिने आहेत, असे दोन कागद एकाच गठ्ठ्यात आल्या क्रमाने पडून राहू नयेत, इतकेच.

शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या मुलांचाही वेगळा विचार व्हावा. लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत हजारो मुले वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. देशभरातील पोलीस ठाणी गुन्ह्यांच्या नोंदींसाठी 'सीसीटीएनएस' या एकाच संगणकीय जाळ्याने जोडण्याच्या योजनेला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. एखाद्यावर गुन्हा दाखल आहे का, हे त्या जाळ्यावर पाहता येत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलीला तीन वेळा बाकावर बसवून कोणती नवी माहिती मिळते? वसतिगृह प्रमुखांकडून थेट ऑनलाइन दुजोरा घेऊन हे काम व्हावे. ठाण्यांत या कामासाठी पर्यायी अंमलदाराचे नाव नेमून ठेवावे, निदान सण आणि निवडणुकांच्या काळात तरी.

आमचे पुढे काय झाले, तेही सांगते. मुलाखतीला तिघेही गेलो. आम्हा दोघांचे कागद पूर्ण होते; मुलीच्या नावे प्रमाणपत्र आणून द्या अशी चिठ्ठी मिळाली आणि तिचा निर्णय थांबला. विसर्जनानंतर त्या ठाण्यातून अहवाल गेला, प्रमाणपत्र मुलाखतीनंतर नवव्या दिवशी आले, आम्ही ते जमा केले आणि काही आठवड्यांनी तिचाही व्हिसा आला. आमचे निभावले. तिला एकवीस पूर्ण होण्यास अवकाश होता, म्हणून ते नऊ दिवस आम्ही झोपून काढू शकलो. ज्यांची मुले एकविसाच्या उंबरठ्यावर असतात, त्यांना अशी झोप लागत नाही, कारण त्या वयानंतर मूल आईवडिलांच्या अर्जातून गळू शकते. शिवाय अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि त्या वर्षाचे व्हिसा तोवर संपले असतील, तर पूर्ण झालेले प्रकरणही पुढे ढकलले जाते.

मोठ्या धावपळीने मिळालेल्या त्या प्रमाणपत्रावर मजकूर जेमतेम चार ओळींचा आहे : पासपोर्टधारकाविरुद्ध प्रवासाच्या आड येईल अशी प्रतिकूल माहिती नाही. ते वाचून मुलगी म्हणाली, "हे तर हवालदारकाकांनी ओसरीवरच सांगितलं होतं."

परवा आमच्याच शाळेतील एका शिपाईबुवांच्या भावजयीला असेच कागद जमा करण्याचे पत्र आले. ते माझ्याकडे यादी विचारायला आले, तेव्हा मी त्यांना सर्वांत आधी मुलांच्या जन्मतारखा विचारल्या. थोरला येत्या मार्गशीर्षात सोळा पूर्ण करतो. त्याच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी झाली होती का, हे आता ते शोधत आहेत.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, सांगली जिल्हा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)