आमची दुनळी योग्य हातात पोचवणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

बंदूक दुरुस्त होऊन घरी आली. डाव्या नळीला नवी फायरिंग पिन बसली, बिजागरीतला खुळखुळाही गेला. कारागिराचे पैसे तिथल्या तिथे चुकते केले. तुमचं देणं तेवढं बाकी आहे, म्हणून हे पत्र.

आजोबांची बर्मिंगहॅमची बाराबोर, त्यामुळे घरात डोकी तितकी मतं. वडिलांचं टुमणं एकच, खडकीच्या फॅक्टरीत ने. तो कारखाना १८६९ पासून दारूगोळा बनवतो, लोकांच्या बंदुका दुरुस्त करत नाही, हे त्यांना पटवायला तुमच्यासारखा ईएमईतला (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलातला) निवृत्त आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाराच हवा होता. माझं ते कशाला ऐकतात! मामांच्या ओळखीचा लेथवाला पिन कातून द्यायला एका पायावर तयार होता. त्यावर तुमचा एकच प्रश्न, "दुरुस्तीचा परवाना आहे का त्याच्याकडे?" १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम ५ प्रमाणे, नुसत्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, हे तेव्हा आम्हाला कळलं.

मग उरली परवाना असलेली दोन दुकानं. एकाने फोनवरच दर सांगितला, वर काळं पॉलिश करून 'नवी कोरी' करून देतो म्हणाला. दुसरा म्हणाला, आधी बघू द्या, कदाचित हात लावण्यासारखी नसेलही. मी पहिल्याकडेच निघालो होतो. तुम्ही बंदूक रिकामी असल्याची खात्री केलीत, पुढचं लाकूड काढलंत, नळ्या मिटवून कानाशी हलवल्यात आणि तो खुळखुळ मला ऐकवलात. पिन कुणीही बदलेल, पण मिटल्यावर नळ्या मागच्या पोलादाला घट्ट टेकत नसतील तर बार काढणाऱ्याच्या तोंडाशी धोका, असं म्हणालात. नळीत काडतुसाची जागा अडीच इंचाची आहे, हे सांगणारा नळीखालचा शिक्काही दाखवलात. हल्लीचं ७० मिमीचं, म्हणजे पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. असले शिक्के आणि नंबर पॉलिशवाल्याच्या चाकाखाली झिजले, तर बंदुकीची ओळखच जाते. नंबर मिटवणं हा तर गुन्हाच. बघितल्याशिवाय दर सांगणाऱ्याकडे द्यायची नाही, हे तिथेच ठरलं.

वडिलांना आता जिना उतरवत नाही. परवाना त्यांच्या नावावर, मग बंदूक न्यायची कुणी? परवानाधारकाने लेखी अधिकार दिला तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याला नेता येते, हे सांगून पत्राचा मजकूरही तुम्हीच घातलात: परवान्याचा नंबर, बंदुकीचा नंबर, दुकानाचं नाव. दुकानदाराने तोच नंबर ताडून पावती फाडली. नळ्यांचं माप घेऊन अडीच इंचाचीच काडतुसं वापरा असंही त्याने बजावलं, तेव्हा वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका म्हणालेच होते."

पैशाचं नाव काढलं की तुम्ही चिडता. म्हणून मुळशीचा आंबेमोहोर पाठवतोय. परत पाठवू नका, काकूंशी आधीच बोलणं झालंय.

तुमचा,
शेजारच्या इमारतीतला