छातीवरची ती खिडकी आहे, भोक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या कोलोनच्या संत उर्सुलेच्या सहचरींच्या लाकडी अर्धपुतळ्यांवर लेख आला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले याचा आनंदच आहे. पण छायाचित्राखाली 'छातीवरील भोक काळाच्या ओघात पडलेले' अशी ओळ छापली आहे, ती वाचून राहवले नाही.

ते भोक पडलेले नाही. आतल्या अस्थी भाविकाला दिसाव्यात म्हणून कारागिराने ते मुद्दाम कोरलेले असते, बऱ्याचदा नक्षीदार जाळीसकट. ही अवशेषपात्रे, म्हणजे संतांच्या अस्थी जपून ठेवायची पात्रे आहेत. ११०६ मध्ये कोलोनच्या तटबंदीचे काम चालू असताना उर्सुलेच्या चर्चजवळ रोमन काळातली दफनभूमी लागली. तिथल्या अस्थी आख्यायिकेत उर्सुलेबरोबर हुतात्मा झालेल्या अकरा हजार कुमारिकांच्या मानल्या गेल्या आणि पुढे त्या ठेवायला अशी पात्रे घडली. कितीतरी पात्रांत डोक्याचा वरचा भाग झाकणासारखा निघतो. आत कापडात गुंडाळलेली कवटी असते. लेखात या झाकणाचा उल्लेखही नाही, म्हणजे वस्तू कशासाठी आहे हेच वाचकाला कळले नाही.

पात्र पोकळ असण्याला आणखी एक कारण आहे. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या जवळजवळ निम्मेच ते गाभ्याच्या दिशेने आकसते. अखंड ओंडक्यात हा ताण उभ्या तड्याने बाहेर पडतो. म्हणून गाभा आधीच पोखरून काढत.

लेखातले 'सोन्याने मढवलेले' हेही चूक. मढवलेले पाहायचे तर फ्रान्समधल्या कॉन्कची संत फ्वाची मूर्ती पाहावी. तिथे लाकडी गाभ्यावर खरोखर सोन्याचा पत्रा आहे. कोलोनच्या पात्रांवर आहे तो वर्ख. आधी लाकडाला सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनची खळ), सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या, मग सरसात कालवलेल्या खडूचे अनेक हात, ते घासून गुळगुळीत झाले की तांबड्या मातीचा पातळ लेप. तो ओला करून त्यावर वर्ख टेकवायचा आणि ओल नेमकी उतरली की अकीकाने घोटायचा. घाई केली तर वर्ख फाटतो, उशीर केला तर झळाळी येत नाही. चेहरा मात्र तैलरंगाचा.

या साऱ्या थरांना धरून ठेवतो तो सरस, आणि सरस पाण्याने सुटतो. असे असताना शेजारच्या चौकटीत 'घरातील जुन्या लाकडी मूर्ती ओल्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा हात द्यावा' हा सल्ला कसा छापला गेला? वसईत, गोव्यात खडूच्या अस्तरावर रंगवलेल्या, वर्ख लावलेल्या जुन्या मूर्ती चर्चमध्ये आणि घरांत आहेत. ओल्या फडक्यासरशी वर्ख फडक्यावर येतो, खाली तांबडी माती उघडी पडते. तेल पोपड्यांखाली शिरते, रंग काळवंडतो, धूळ चिकटते आणि पुढे दुरुस्तीला तिथे सरसही धरत नाही. संवर्धक सुटलेला पोपडा बसवतात तो स्टर्जन माशाच्या भोतापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) केलेल्या पातळ, कोमट सरसाने. बारीक कुंचल्याच्या टोकाने तो पोपड्याखाली सोडायचा, वर जपानी कागद ठेवून हलका दाब द्यायचा. हे घरी करायचे काम नव्हे.

घरी एवढेच करावे: मऊ, कोरडा कुंचला, तोही पोपडे सुटले नसतील तरच. मूर्ती ओल्या भिंतीला टेकवू नये. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यात एसी कधी चालू, कधी बंद असला की लाकूड फुगते, आकसते, आणि खडूचा थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही म्हणून सुटतो. मूर्तीच्या बुडाशी पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा किडा आत जिवंत असू शकतो. अशा वेळी भोकांत रॉकेल ओतू नये, मूर्ती वेगळी ठेवून संवर्धकाला दाखवावी.

छायाचित्राखालची ओळ नंतर सुधारली तरी चालेल. तेल-पाण्याचा सल्ला मात्र येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मागे घ्यावा. फडके घेऊन बसलेल्या वाचकापर्यंत ते पोहोचले पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक, वसई