तलावाकाठची बेशरमची झुडपं काढायला या, नाही जमलं तर हातभार लावा

नमस्कार मंडळी, आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ढिवर समाजाची माणसं, आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीकडून हे लिहितोय. आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. पाणी धानाला, मासे आणि शिंगाडे ढिवरांना, अशी पिढ्यान्‌पिढ्याची वहिवाट. 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आता आम्ही मासेमारी लीजवर करतो.

सध्या काठाला बेशरम एवढी माजली आहे की जाळं टाकायला जागा नाही. बकरीसुद्धा तोंड लावत नाही. वरवर तोडली तर चिखलात पडलेल्या कांडीला परत फूट येते, म्हणून मुळासकट खणून, वाळवून जाळावी लागते. लोक म्हणतात काठच तर आहे, मधे पाणी आहे ना, पण सगळं काठालाच आहे हो. पहिल्या पावसात मरळ, शिंगी असे देशी मासे उथळ पाण्यातल्या गवतात अंडी घालायला येतात, देवधान, म्हणजे रानटी भात, तिथंच उगवतं, आमच्या बाया झिंगे, म्हणजे छोटी कोळंबी, तिथंच धरतात, आणि महाराष्ट्रात जे थोडेसे सारस उरलेत ते बहुतेक आपल्याच जिल्ह्यात, त्यांनाही घरट्याला असलीच दलदल लागते.

रोहू, कतला थांबलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, दरवर्षी त्यांचं बीज, म्हणजे पिल्लं, विकत आणा, सोडा आणि वाट बघा. देशी मासा मात्र गवत असलं की आपला आपण वाढतो. आपल्याच तालुक्यात काही गावांनी बेशरम काढून, तळ नांगरून, दुसऱ्या तलावातून पाणवनस्पती आणून लावल्या आणि देशी मासे परत आले, म्हणून आम्हालाही हिंमत आली.

मे महिन्यात पाणी उतरलं की काम सुरू, पाऊस पडायच्या आत संपवायचंय. दर रविवारी सकाळी सहाला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, या, ऊन चढायच्या आत थांबू. कुदळी, फावडी, गमबूट, हातमोजे लागतील, जुने असले तरी चालतील. पैसे लागतील ते नांगरटीच्या ट्रॅक्टरच्या डिझेलला आणि कामावर येणाऱ्यांच्या जेवणाला. बाया स्वयंपाक करतील, पण तांदूळ-डाळ कोणी दिली तर मोठी मदत होईल. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरांनी जमेल तेवढं पाठवा, पन्नास रुपये असले तरी पावती मिळेल आणि सगळा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवू. सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी कोणी ना कोणी असतंच, तिथं नाव लिहून जा.

आणि एक, जून ते ऑगस्ट काठाला कोणीही जाळं लावू नका, आम्हीपण लावणार नाही.