टँकमधला मासा माहुलीला सोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर सजावटीवर लेख आला होता, त्यात मोठ्या माशाचा फिशटँक हॉलमध्ये कुठल्या दिशेला ठेवला की भरभराट होते ते सांगितलंय, आणि फोटोत निळे खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि मधे एकटा फ्लॉवरहॉर्न मासा. लेख वाचून त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या दोघांनी मला विचारलं, काका असा टँक कुठं मिळेल. मी गेली १५ वर्षं घरात मासे पाळतोय, जास्त करून दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले सिक्लिड (हे माशांचं एक कूळ), म्हणून लिहायला बसलो. पत्र थोडं लांबलंय पण छापावं ही विनंती.

फ्लॉवरहॉर्न मुळात कुठल्याच नदीतला मासा नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडच्या जातींचा संकर करून १९९० च्या दशकात मलेशियात तो तयार केला गेला. फूटभर वाढतो, दुसऱ्या माशाला जवळ येऊ देत नाही. वाढीच्या बाबतीत ऑस्कर माशाचंही तसंच, दुकानात दोन इंचाचं पिल्लू गोड दिसतं आणि वर्षभरात ते जवळजवळ फूटभर होतं. गेल्या उन्हाळ्यात एक शेजारी बादलीत असाच ऑस्कर घेऊन आले, टँक पुरत नाही म्हणे, आता संगम माहुलीला कृष्णेत सोडून येतो, पुण्य लागेल. मी त्यांना दारातच थांबवलं आणि मासा ठेवून घेतला. भला माणूस, मनात वाईट काहीच नव्हतं, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की यानं काय होतं.

बाहेरचा जीव आपल्या पाण्यात आला की काय होतं ते आपण रोज बघतो ना. कृष्णेत माजणारी जलपर्णी मूळची अमेझॉनच्या खोऱ्यातली आहे, सुंदर फुलं म्हणून जगभर नेली आणि आज ती काढायला नगरपालिकांना मशीन लावावी लागतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा पण सिक्लिडच, आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला आणि आता धरणात जाळं टाकलं की तोच जास्त निघतो. सिक्लिड आपली अंडी पिल्लं जिवापाड राखतात त्यामुळं त्यांची पिल्लं जास्त वाचतात, घरात ते बघायला फार छान वाटतं पण नदीत गेल्यावर हाच गुण आपल्या देशी माशांना भारी पडतो. नदी, महादरे तलाव, मंगळवार तळं, शेततळं, विहीर, कुठंच सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर पाळणाऱ्या कुणाला तरी द्या.

आता ज्यांना खरंच पाळायचेत त्यांच्यासाठी. दिशा बघू नका, आधी नळाला पाणी कुठलं येतं ते बघा. आमच्याकडं कास तलावाचं पाणी येतं, जांभ्याच्या पठारावरचं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी, साबणाला लगेच फेस येतो. अमेझॉनच्या बाजूचे मासे, एंजल, रॅम, छोटे अ‍ॅपिस्टोग्रामा, डिस्कस, हे असल्याच मऊ पाण्यातले. तिकडं रिओ निग्रो या अमेझॉनच्या उपनदीचं पाणी पानं कुजून चहासारखं काळपट झालेलं असतं. आपण रस्त्याकडेच्या बदामाची वाळून पडलेली पानं धुवून चार टाकली की तसाच रंग येतो, माशांना मानवतं. बोअरचं पाणी असेल तर ते बहुतेक जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, त्यात एंजलच्या मागं लागण्यापेक्षा मध्य अमेरिकेतले घ्या, फायरमाउथ किंवा कॉन्विक्ट. फायरमाउथ मेक्सिकोच्या युकातान भागातला, तिथं सगळी चुनखडी, त्यामुळं जड पाणी त्याला घरच्यासारखं. चिडला की लाल गळा फुगवून उभा राहतो, बघत राहावं असा मासा. लोक काय करतात, बोअरच्या पाण्यात डिस्कस सोडतात, तो मरतो, मग मासा लाभत नाही म्हणतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते विसरू नका, अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी बदलायचं नाही.

टँक निदान चार फुटी घ्या. चार बाय दीड बाय दीड म्हणजे २५० लिटर पाणी, नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो, स्टँड वेल्डिंगवाल्याकडून मजबूत करून घ्या आणि भिंतीला लागून ठेवा. तळाला खत न घातलेली बागेतली माती चाळून एक इंच, त्यात बांधकामावर पडलेल्या जांभ्याचा चुरा मूठभर मिसळला तर झाडांना लोह मिळतं, आणि वर दीड इंच गोल वाळू. क्रशरची कच नको, बरेच सिक्लिड वाळू तोंडात घेऊन चाळतात, त्यांना ती टोचते. वाळूवर लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, एंजलच्या टँकला ती चालणार नाही. मग पहिल्याच दिवशी झाडं दाट लावा. अमेझॉन सोर्ड, कॅबोम्बा, आणि पाणी जड असेल तर व्हॅलिस्नेरिया, ती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेते म्हणून तिथं जोमात येते. लाइट आठ तास पुरे, जास्त लावली की शेवाळ.

आणि मग थांबायचं. चार ते सहा आठवडे मासा टाकायचा नाही, हेच लोकांना जमत नाही. माशाच्या घाणीतून, आणि मासा नसताना मातीतून व कुजणाऱ्या पानांतून, माशाला विषारी अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, ते झाडं खातात. हे जिवाणू वाढायला वेळ लागतो, टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग शून्यावर आलेलं दिसलं की मग एक जोडी सोडायची. थंडीत आपल्याकडं रात्री पाणी गारठतं, हीटर लागतोच. ऑस्करसारखा उकरणारा मासा असेल तर मातीत झाडं टिकणारच नाहीत, तिथं मनी प्लांटच्या मुळ्या वरून पाण्यात सोडायच्या, त्या नायट्रेट ओढून घेतात. तो शेजाऱ्यांचा ऑस्कर आज माझ्याकडं असाच मजेत आहे.

एक कळकळीची गोष्ट. टँकला झाडं हवीत म्हणून कुणीही कासवर जाऊन वायतुरा उपटू नका. पावसात पठारावरच्या डबक्यात जांभळट गुलाबी दुहेरी तुरा येतो ना, तोच. शास्त्रीय नावातच सातारा आहे, अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस, सह्याद्रीबाहेर तो कुठं मिळत नाही. तो पावसाळ्यापुरताच वर येतो, मग कंद जमिनीत झोपतो, त्यामुळं घरच्या टँकमध्ये बारा महिने जगायचाच नाही, आणि तिथून मात्र कायमचा जाईल. टँकला लागणारी झाडं दुकानात मिळतात.

दोन वर्षांमागं माझ्या एंजलच्या जोडीनं सोर्डच्या पानावर अंडी घातली. दोघं आळीपाळीनं परांनी वारा घालायचे, खराब झालेलं अंडं तोंडानं उचलून बाजूला करायचे, जवळ आलेल्या माशाला हुसकायचे. नातू शाळेतून आला की दप्तर न काढता टँकसमोर बसायचा, तिसऱ्या दिवशी पिल्लं पानावर हलताना दिसली तेव्हा ओरडतच आजीकडं पळाला. निळ्या खड्यांच्या टँकमध्ये एकट्या माशाकडं बघून हे कसं दिसणार?

तेव्हा संपादक साहेब, ज्या पुरवणीत तो लेख आला त्याच पानावर एवढं तरी छापा की टँकमधले मासे आणि झाडं नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. गणपतीनंतर लोक तळ्याकडं जातात, त्याआधी छापलं तर जास्त बरं.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, सातारा