कार्ड नसलेल्या बाईला आधी आत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यांत एक प्रश्न सतत कानावर पडतो, 'कार्ड कुठंय?' कार्ड म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं. बीड-जालन्याकडून कोयत्यावर आलेल्या बाईची पहिली तपासणी झाली असलीच तर ती गावाकडच्या आशाताईकडे. कार्ड तिकडंच पेटीत नाहीतर सासूपाशी. फडावरून तपासणीला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे उचलीत, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या कर्जात, भर. मग ती कळा सुरू झाल्यावरच येते. मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. अशा बाईला दारातच 'नऊ महिने झोपली होतीस का?' म्हणून झापायचं आणि बीपीसुद्धा न बघता 'जिल्ह्याला न्या' अशी चिठ्ठी द्यायची, हे मी पाहिलेलं आहे.

खरं तर जिच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, तिला सगळ्यात आधी टेबलावर घ्यायला हवं. आधी बीपी आणि लघवीची तपासणी. बीपी वाढून झटके येण्याची लक्षणं दिसली तर ते रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो; पुढं पाठवायचं ते तो देऊनच. हिमोग्लोबिन आणि रक्तगट कळला तर रक्ताची पिशवी वेळेत मागवता येते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन. ते राहून गेलं तर भोगावं लागतं पुढच्या बाळाला. एचआयव्ही, कावीळ 'बी' आणि सिफिलिसच्या झटपट चाचण्या तिथल्या तिथं होतात. एचआयव्ही निघाला तरी बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू करता येतं, काविळीची लस 24 तासांच्या आत टोचता येते.

सगळ्यात अवघड असतं दिवस मोजणं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी नाही, आणि शेवटच्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवर तारखेचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी सणच कामाला येतात. 'पाळी नागपंचमीच्या आधी आली होती की पोळ्यानंतर?' असं शांतपणे विचारलं की बाई बरोबर सांगते. पण आताच शिव्या खाल्लेली बाई काय सांगणार? आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे हे वेळेत कळलं, तरच त्याच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. किमान चार तपासण्या झालेल्या आया मात्र 70 टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांच्या मधल्या बायका दवाखान्यापर्यंत पोचतात, म्हणजे त्यांच्यासाठी काहीतरी करण्याची संधी आपल्या हातात असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. त्याला आधी नाव नोंदवल्याची अट नाही, कितवं मूल याचीही नाही. तातडीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यानं उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 सालीच सांगितलंय.

आणखी एक गोष्ट, जी कुणी उघड बोलत नाही. अठरा पूर्ण न झालेल्या मुली पोलिसांच्या भीतीनं तपासणीलाच येत नाहीत. कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण कळवण्यासाठी उपचार थांबवा असं कायदा कुठंही म्हणत नाही. आधी बाळंतपण, मग कागद.

निवृत्त झाले तरी दोन मागण्या करते. गाळप चालू असेपर्यंत ऊसपट्ट्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत रात्रपाळीला लॅब टेक्निशियन ठेवा; संध्याकाळी सहानंतर हिमोग्लोबिन होत नाही, हे कारण ऐकून कान किटले. दुसरं, कोणती टोळी कुठं उतरली हे कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असतं. ती यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी, आणि गाव सोडण्याआधी आशाताईंनी कार्डाचा फोटो व सरकारी माता-बाल नोंदणीचा आरसीएच नंबर त्या बाईच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाइलवर टाकावा. मुकादमाच्या वहीत नको.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. वाळवा, जि. सांगली