तांबट अळीत रविवारी येणाऱ्या पोरांना

रविवारच्या पोरांनो (आणि काकू, तुम्हालाही पोरांतच धरलंय, राग मानू नका),

हे पत्र खरं तर दिवाळीलाच लिहायचं होतं. पण दिवाळीत घंगाळांच्या ऑर्डरी होत्या, मग रुखवताची भांडी लागली, आणि मला लिहायची सवय नाही, हातोडा धरून धरून बोटं अशी जाड झालीत की मोबाईलवर 'क' दाबला तर 'ख' उमटतो. आज मुलगा शेजारी बसलाय, मी बोलतोय आणि तो टाईप करतोय, मधेच 'बाबा वाक्य संपवा आता' म्हणतोय. तेव्हा कुठे लांबलं तर चालवून घ्या.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. पाच जण, हातात वह्या, एकाकडे मोजायची टेप. कसब्यात कुणी टेप घेऊन भिंत मोजायला लागलं की पहिली शंका बिल्डरची येते, दुसरी घरपट्टीची. अर्ध्या अळीने दारं लोटून घेतली. मी पण घेतली, खोटं कशाला बोलू. तेव्हा काकू सरळ उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या लग्नातला बंब गळतोय, दुरुस्त होईल का? बंब म्हटल्यावर कोण दार लावणार!

ज्यांनी अळी बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हे पत्र तुम्ही पुढे पाठवणार हे मला माहितीय. कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ, आणि त्यात आमची तांबट अळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. पेशव्यांच्या काळात आमचे पूर्वज कोकणातून इथे आले असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. घर तेच कारखाना, पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत संसार. माझ्या लहानपणी सकाळी सात वाजता पहिला हातोडा वाजला की नऊपर्यंत सगळी अळी वाजायला लागायची, शेजारच्याशी बोलायचं तर खुणांनी. माझ्या वडिलांना पन्नाशीतच ऐकू कमी यायला लागलं, अळीतल्या बऱ्याच जणांचं तसंच. आम्ही सगळे ओरडून बोलतो ते भांडतो म्हणून नाही हो, तो धंद्याचा रोग आहे. (एक तांबट नावाचा पक्षी पण आहे, झाडावर बसून दिवसभर टुक टुक टुक करतो, आमच्यावरूनच नाव पडलं त्याचं. तुमच्यातल्या त्या कॅप घातलेल्या मुलाने वहीच्या कव्हरवर त्याचंच चित्र काढलं होतं, मी पाहिलंय.)

मग स्टील आलं, गॅस आला, गिझर आले. बंब कुणाला हवाय आता? आजोबा सांगायचे, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या दुकानातले हंडे पाण्यावर होडीसारखे तरंगत गेले, आणि त्यातले दोन हंडे चार दिवसांनी लोकांनी आणून परत दिले. पुरातून भांडी परत आली. स्टीलच्या लाटेत मात्र जी गेली ती गेलीच. मी ज्या वर्षी धंद्यात बसलो तेव्हा आमच्या टोकाला नऊ घरांत भट्ट्या होत्या, तुम्ही आलात तेव्हा तीन.

आता मुद्द्यावर येतो. आभार कसले मानायचे याचा मी बराच विचार केला, कारण तुम्ही कामं इतकी केलीत. फोटो काढलेत, गल्लीच्या तोंडावरचा राडारोडा उचललात, इन्स्टावर पान काढून दिलंत, बबल रॅपमध्ये भांडं कसं गुंडाळायचं ते शिकवलंत. हे सगळं आहेच. पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम तुम्ही एका रविवारी दुपारी केलंत आणि तुम्हाला ते फारसं मोठं वाटलंही नसेल.

आमच्याकडे भांडं विकायची पद्धत एकच, वजनावर. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, किलोचा भाव काय. तराजूवर टाकायचं, तांब्याचा त्या दिवशीचा भाव, वर थोडी मजुरी, झालं. त्या मजुरीवरच घासाघीस. म्हणजे बघा, मशीनवर दाबून काढलेला तांब्या आणि हाताने घडवलेला तांब्या, दोन्ही तराजूला सारखेच. उलट आम्ही जितकं निगुतीने काम करावं, पत्रा पातळ ठेवून ठोक्यांनी कडक करावा, तितकं वजन कमी आणि पैसे कमी. हे आमच्या तीन पिढ्यांच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तरी बोलून दाखवायची सोय नव्हती.

तुमच्यातली ती चष्मेवाली, आर्किटेक्चर करणारी, तिने विचारलं की काका एका तांब्याला किती ठोके बसतात. मी म्हटलं बाई ठोके कोण मोजतं! ती म्हणाली मी मोजते. बसली समोर पोत्यावर, मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावलं आणि वहीत चार उभ्या एक आडवी अशा काड्या मारायला लागली. मला हसू आवरेना. आधी पत्रा तापवायचा, लाल झाला की पाण्यात, मग नरम पडतो, मग ठोकायचा, ठोकून परत कडक होतो, परत भट्टीत. हे चारदा. आकार आल्यावर चिंचेने लख्ख करायचं आणि मग मठार, म्हणजे तळाच्या मध्यापासून गोल गोल बाहेर येत एकाला लागून एक ठोका. त्या मठारालाच लोक डिझाइन म्हणतात. अहो तो दिसायला छान आहेच, पण भांड्याला ताकद देतो तो, नाहीतर हातात धरल्यावर पोचा येईल. मशीनवाले हल्ली ठिपके दाबून देतात, सगळे एका मापाचे, एका ओळीत. हाताचा मठार कधीच एकसारखा नसतो, बोट फिरवलं की कळतं.

तीन हजारांच्या पुढे तिचा हिशोब चुकला. रडकुंडीला आली होती. तिने वही मिटली आणि म्हणाली, काका तुम्ही याचे पैसेच लावत नाही आहात. एवढंच. मी त्या रात्री झोपलो नाही चांगला.

पुढच्या रविवारी तुम्ही प्रत्येक भांड्याला कार्ड लावलंत. तांबं किती ग्रॅम, काम किती तास, आणि खाली एकच किंमत. अळीतले जुने लोक म्हणाले गिऱ्हाईक पळेल. दुसऱ्याच दिवशी एक बाई आल्या, कार्ड वाचलं, आणि म्हणाल्या ते राहू दे, किलोचा भाव सांगा. माझ्या तोंडात शब्द आला होता, सवयच ना. काकू कोपऱ्यात बसून बंबाची तोटी पुसत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'पैठणी घेताना किलोवर विचारता का हो?' बाई जरा थांबल्या, हसल्या, आणि घेतला की तांब्या, वर दोन पेलेही! काकू, बँकेत काउंटरला होतात ते उगाच नाही.

सगळंच गोड झालं असं नाही, तेही लिहितो, नाहीतर मुलगा म्हणतो पत्र खोटं वाटेल. तुमचं पहिलं डोकं भिंती रंगवायचं होतं. शटरवर निळे पिवळे मोर. समोरचे आमचे अण्णा तुमच्यावर असे उखडले की तुम्ही डबे तिथेच टाकून पळालात. मला वाटलं आता काही ही पोरं परत येत नाहीत. आलात. आणि येऊन अण्णांनाच विचारलंत की मग भिंतीवर काय हवं. अण्णा म्हणाले काही नको, ते वायरींचं जाळं तेवढं वर घ्या, माझ्या डोक्याला लागतं. त्या वायरींसाठी एका ऑफिसात तुम्ही किती चकरा मारल्यात ते मी पाहिलंय, दर वेळी साहेब मीटिंगला. सहा महिने गेले, पण वायरी वर गेल्या.

भिंतीवर शेवटी एकच पाटी लागली. 'ठोक्यांचा आवाज येणारच. शांतता हवी असल्यास शनिवारवाड्यात बसावे.' आता लोक भांडी सोडून पाटीचा फोटो काढतात, पुण्यात दुसरं काय होणार.

आणि तो बाजार! तुम्ही हौसेने अळीत एक दिवसाचा बाजार भरवलात, टेबलं मांडलीत, चहाची सोय केलीत, आणि दुपारी दोनला असा अवकाळी कोसळला की विचारू नका. गिऱ्हाईकं मोजून अकरा, त्यातली चार आमचीच पाहुणे मंडळी. तुमचे चेहरे बघवत नव्हते. पण त्या दिवशी सगळे एकाच ओसरीत दाटीवाटीने बसलो, ज्यांच्यात आठ वर्षं बोलणं नव्हतं ते दोघे एकाच ताटलीतून भजी खात होते. बाजार फसला तो फसलाच, पण मला तो दिवस आवडला.

हेरिटेज वॉकचं मी आधी नाहीच म्हणत होतो. लोक येणार, आम्हाला प्राणीसंग्रहालयासारखं बघणार. तुम्ही नियम केलात की एका वेळी पंधराच माणसं, विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि प्रत्येकाने एकदा तरी हातोडा मारून बघायचा. हा तिसरा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला त्याला माझ्याकडून एक मिसळ. वीस ठोके मारले की मनगट धरतं, मग कोणी घासाघीस करत नाही. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं तेव्हापासून पिंपरीकडची माणसं पण येतात, 'पार्किंग कुठे' हा प्रश्न तेवढा कमी झाला.

बाकी चिंता आहेतच. वाडे पडायला आलेत, भाऊबंदकीत कागद अडकलेत, आणि रिडेव्हलपमेंटवाले आठवड्याला एक तरी येतात. उद्या सातव्या मजल्यावर भट्टी कशी पेटवणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, तो पूर्ण वेळ बसणार नाही हे मी मान्य केलंय. पण शनिवारी बसतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्याने पूर्ण तांब्या केला, मठार वाकडा आहे, मी विकायला नाही दिला, घरात पाणी प्यायला ठेवलाय. (हे टाईप करताना तो काही बोलला नाही.) आणि टोकाच्या बंद घरातली चौथी भट्टी पाडव्याला पेटली. चार म्हणजे फार नाही. पण मी धंद्यात आल्यापासून हा आकडा वर जाताना पहिल्यांदाच बघतोय.

तुम्ही मोड हा शब्द माझ्याकडूनच ऐकलात. फुटकं भांडं वजनावर घालतात ती मोड. मी पहिल्या वर्षी तुम्हाला म्हटलं होतं, कशाला वेळ घालवता, ही अळी मोडीत निघालेली आहे. तेवढं वाक्य मागे घेतो.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. तुम्ही दोन वर्षांत माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाहीत, दर वेळी 'नको काका, राहू दे काका'. यावेळी ऐकणार नाही. प्रत्येकासाठी एक तांब्या केलाय, सगळे मठार माझ्या हातचे, कल्हई लागत नाही, पाण्यालाच वापरा, ताक ठेवू नका, कळकेल. काकूंचा बंब पण तयार आहे, गळत नाही, टेम्पोने पाठवतो. पूर्वी भांडं दिलं की त्यावर टोच्याने नाव घालून द्यायची पद्धत होती, तसं नाव घालून देणार आहे. चष्मेवालीच्या तांब्यावर नावाखाली चार उभ्या एक आडवी काडी घालणार आहे, तिला कळेल.

गेल्या महिन्यात नवीन आलेल्या तिघांची नावं मला माहीत नाहीत. ग्रुपवर टाका, शुक्रवारच्या आत. पूर्ण नाव टाका, ऱ्हस्व दीर्घ नीट बघून, तांब्यावर खोडता येत नाही. आणि टोपणनाव नको, मी भांड्यावर 'पिंट्या' घालून देणार नाही.

तुमचा,
अळीतल्या पाटीसमोरचा काका