बाई, त्या अर्ध्या पेल्याबद्दल

आदरणीय बाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. जे केलं त्याची झळ एका माणसाला चारचौघांत बसली, मग आभार तेवढे बंद पाकिटात कशाला? तुमचं नाव घालत नाही, घातलं तर रागावाल.

काय केलं ते थोडक्यात सांगतो. कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याबद्दल बोललो. आरोप नव्हे, "त्याचे हिशेब एकदा बघायला हवेत बुवा" एवढंच, हळू आवाजात, नेमक्या माणसाच्या कानात. हिशेब चोख आहेत हे मला ठाऊक होतं. त्याची नोकरी गेली, त्याची जागा मला मिळाली आणि त्याच रविवारी उपासनेत प्रार्थनाही मीच केली. चांगली झाली म्हणे. माझ्या बोलण्याचं मंडळीत कौतुक आहेच.

तुमच्याआधी दोघांकडे जाऊन आलो होतो. पहिल्यांनी पाठीवर थाप मारली, "एवढं कोण मनाला लावून घेतं? देव दयाळू आहे," म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात घातलं. दुसऱ्यांनी सगळं ऐकलं, डोळेसुद्धा पुसले आणि विचारलं, "याची साक्ष छान होईल, द्याल का?" पाप अजून घशाखालीच होतं आणि त्याला व्यासपीठ तयार! दोघांवरचा राग अजून गेलेला नाही. हेही कबूलच करून टाकतो.

तुमच्याकडे तर मी कबुली द्यायला आलोच नव्हतो. तुम्ही मुलांच्या धड्याची तयारी करत होता. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती दोऱ्याने बांधलेली, म्हणून वाचायला मला बसवलंत. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं पुस्तक, सहावा अध्याय. यहूदाचा उज्जीया राजा मेला ते वर्ष. बावन्न वर्षं राज्य केलेला राजा गेला आणि यशयाला दुसरंच सिंहासन दिसलं. त्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय सेवक म्हणजे सराफीम, त्यांना सहा पंख, त्यातल्या दोहोंनी ते तोंड झाकतात. ज्यांनी काही पाप केलेलं नाही ते तोंड झाकतात, इथेच माझा आवाज अडखळला. "पवित्र, पवित्र, पवित्र." तुम्ही मध्येच म्हणालात, "मागचं पान उलट. पाचव्या अध्यायात धिक्कार किती आहेत मोज." मी मोजले. सहा. घराला घर जोडणारे, वाईटाला चांगलं म्हणणारे, सगळे दुसऱ्यांवर. "आणि सातवा?" सातवा, सहाव्या अध्यायात, यशयाने स्वतःवर ओढून घेतला होता. अशुद्ध ओठांचा मनुष्य.

बाई, तो संदेष्टा होता. ओठ हीच त्याची सगळी कमाई. प्रकाश पडला तो नेमका तिथेच पडला. आणि त्या दर्शनात त्याच्यावर बोट कुणीच ठेवत नाही. सराफीम त्याच्याबद्दल बोलतसुद्धा नाहीत, ते देवाबद्दल बोलताहेत. मी इतकी वर्षं पापांची यादी करून पश्चात्ताप आणायला बघत होतो आणि याद्या काय, मला उत्तमच जमतात, त्यात स्वतःला सोडवायची वाटही ठेवता येते. त्या संध्याकाळी यादी नव्हती. मीच होतो. पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं, त्या माणसाच्या नावासकट.

तुम्ही "असू दे रे" म्हणाला नाहीत. म्हणालात, "वाईट केलंस." मग तुमच्या पुढ्यातला पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवलात. घसा कोरडा पडला होता. मी अर्धा प्यायलो आणि खाली ठेवला. तुम्ही तो उचललात आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलंत.

माझं उष्टं. नुकतेच ज्या ओठांबद्दल ऐकलं, त्याच ओठांचं. तुमच्या ते ध्यानातही नसेल. यशयाचं पाप दूर करणारा वेदीवरचा निखारा सराफीमालासुद्धा चिमट्याने धरावा लागला, पण तो आला तो सरळ यशयाच्या ओठांवर, हे मी लहानपणी तुमच्याकडेच पाठ केलं होतं. त्याचा अर्थ त्या रिकाम्या पेल्याकडे बघताना लागला.

भली माणसं कशी ओळखावीत याचं माझं माप तेव्हापासून बदललंय. पूर्वी मला गोड बोलणारी सगळी भली वाटायची. वाईटाला वाईट म्हणून पुन्हा तिथेच, जवळ, बसून राहणारी किती असतील? मला एक भेटलं.

कचेरीत खरं काय ते लेखी दिलं, जागाही सोडली. ते सगळं सांगत बसत नाही. त्या माणसाच्या घरी मात्र गेलो होतो. येशू घरी आल्यावर जक्कय जकातदार म्हणाला, लुबाडलेलं चौपट परत करतो, पण गेलेली वर्षं कशी चौपट करायची? त्याने उभ्या उभ्या ऐकलं, "बरं," म्हणाला आणि दार लावून घेतलं. पाणी विचारलं नाही. का विचारावं? पुन्हा जाईन, त्याने बोलावलं तर.

जीभ अजून सळसळते. काल जेवणाच्या सुट्टीत कुणाचा तरी विषय निघाला, माझ्याकडे त्याच्याबद्दलचं फर्मास वाक्य तयार होतं. गिळलं. जड गेलं.

गुरुवारी येतो. चष्मा काढून ठेवा, काडी बसवून आणतो. दोऱ्यावर किती दिवस काढणार?

तुमचा जुना विद्यार्थी